प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव

एम.एड.च्या विभागात अध्यापन सहायकाची जागा एकच होती. जिला मिळेल तिची फी माफ आणि वर महिन्याला मानधन. त्या बदल्यात बी.एड.च्या मुलींची पाठटाचणं तपासायची, त्यांचे सराव पाठ बघायचे. यादी लागली तेव्हा निवड अबोलीची झाली होती. शिवानीचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं होतं.

शिवानी गंगाखेडहून रोज रेल्वेनं परभणीला यायची. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. अबोली तिची वर्गमैत्रीण, दुपारी दोघी डबा उघडून तासभर बसायच्या. बी.एड.ला शिवानीला अबोलीपेक्षा जास्त मार्क होते. अबोलीचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, घर परभणीतच. हिला कशाला पाहिजे होती ही जागा, हा प्रश्न शिवानीच्या डोक्यातून जाईना. त्या संध्याकाळी आईनं, नीलम्मानं, विचारलं तर ती म्हणाली, यादी अजून लागली नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बी.एड.च्या मुली अबोलीला मॅडम म्हणायला लागल्या. तो शब्द कानावर पडला की शिवानीचं तोंड कडू व्हायचं. एकदा अबोलीनं तपासलेल्या टाचणात तिच्या नजरेतून सुटलेली शुद्धलेखनाची एक चूक शिवानीला सापडली, तर त्या आनंदात तिचा सगळा दिवस गेला.

मग तिला नियम आठवला. ही जागा घेणाऱ्याला बाहेर पगारी काम करता येत नव्हतं, आणि अबोली तर सकाळी एका क्लासमध्ये शिकवायची. शिवानी सरळ विभागप्रमुख प्रभावती मॅडमकडे गेली. नियमाची काळजी वाटते म्हणून आले, असं तिनं सांगितलं.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि फायलीतून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. अबोलीनं यादी लागली त्याच आठवड्यात क्लास सोडला होता, तसं लेखी दिलं होतं.

"अजून एक," मॅडम म्हणाल्या. "बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींसाठी संस्थेची एक आर्थिक मदत आहे. शुक्रवार शेवटचा दिवस. तुझं नाव मला अबोलीनं सुचवलं."

शिवानीनं फॉर्म घेतला. लाज वाटायला हवी होती, पण आधी राग आला. आता हिच्या उपकाराखाली राहायचं? दोन दिवस फॉर्म पिशवीतच पडून राहिला. घरी जागेबद्दल खोटं सांगितलेलं होतं, तेही टोचत होतं. गुरुवारी रात्री तिनं आईला सगळं सांगितलं, मॅडमकडे गेल्याचंसुद्धा.

नीलम्मानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "फारम भर. अन् त्या पोरीला तुझ्या तोंडानं सांग. दुसऱ्याकडून कळालं तर लय वाईट वाटंल तिला."

शुक्रवारी फॉर्म देऊन शिवानी अबोलीच्या टेबलाशी गेली. पुढ्यात टाचणांचा गठ्ठा होता. शिवानीनं काही न लपवता सांगितलं.

अबोलीनं पेन खाली ठेवलं. "मॅडमनी परवा मला क्लासबद्दल पुन्हा विचारलं, तेव्हाच वाटलं होतं कोणीतरी गेलं असणार. तू असशील असं नव्हतं वाटलं." मग ती म्हणाली, "क्लासची पोरं सोडताना मला लय जड गेलं, शिवानी. दहावीची होती. तू मला विचारायला पाहिजे होतंस."

 चुकलं, एवढंच शिवानी म्हणाली. अबोलीनं मान हलवली आणि पुढचं टाचण उघडलं.

दिवाळीआधी शिवानीची मदत मंजूर झाली. दोघी बोलत राहिल्या, पण कामापुरतंच. आधीसारखं डबा उघडून तासभर बसणं पुन्हा झालं नाही. त्याचं शिवानीला फार वाईट वाटायचं. आणि तरी व्हरांड्यात कोणी "अबोली मॅडम" अशी हाक मारली, की आत काहीतरी अजूनही जळायचं. ते ती आता निदान स्वतःपासून तरी लपवत नव्हती.