सीमेपलीकडची ओसरी

मोजणीदाराने शेवटची लाल झेंडी वर्लीनच्या गुलाबांच्या वाफ्यात खोचली, ती नेमकी घराची भिंत आणि ओसरी जिथे जुळत होती तिथे. वर्लीन थार्प कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सिनेमावाल्यांना तिची ओसरी आवडल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. चर्चमध्ये तर प्रत्येकाला ती बातमी दोन-दोनदा सांगून झाली होती.

"घर जॉर्जिया राज्यात आहे, मिस वर्लीन," चित्रीकरणाच्या जागा शोधणारी डेशिया अवघडून म्हणाली. "पण ओसरी अलाबामात जातेय. पुरी आठ फूट."

"मग? लाकूड तेच, मी तीच!"

"करात सवलत जॉर्जिया देतं ना. हद्दीबाहेर कॅमेरा लावला तर छदामही मिळत नाही. निर्माते ऐकणार नाहीत." मग तिचा चेहरा खुलला. "आमचे सुतार ओसरी उचलून पूर्वेच्या दाराला बसवतील. दोन दिवसांत. खर्च आमचा."

वर्लीनने टाळीच वाजवली. क्लोव्हिस जाऊन तीन वर्षं झाली होती. नवऱ्याच्या हातचं काम जगाने बघावं, एवढी एकच हौस तिला उरली होती. मग ओसरी कुठल्या का दिशेला असेना!

"वहिनी, एक मिनिट." तिचा दीर हॉइट पलीकडे अलाबामात राहायचा. तो टोपी हातात घेऊन पुढे आला. "ती हलवू नकोस."

"का रे? तुझ्या राज्याची शोभा जाते?"

"ही बांधायच्या आधी क्लोव्हिसने आणि मी हद्द मोजली होती. फीत मीच धरलेली." हॉइटचे कान लाल झाले. "तू त्याला चारचौघांत घरजावई म्हणून चिडवायचीस ना? तो म्हणाला, दिवसभर हिच्या माहेरी, संध्याकाळी तासभर आपल्या गावी. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

वर्लीनने ओसरीकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. ते काही आवरेना. लबाड माणूस! अलाबामाचा फुटबॉलचा सामना असला की रेडिओ उचलून बाहेर ओसरीवर न्यायचा, म्हणायचा, आत उकडतं. डोळे पुसत ती कठड्याला टेकली. तो आत्ता समोर असता तर तिने त्याला आधी रपाटा घातला असता आणि मग मिठी मारली असती.

"पोरी, ओसरी राहू दे आहे तिथेच," ती डेशियाला म्हणाली. "स्वयंपाकघर चालेल? ते पुरं जॉर्जियातलं आहे."

डेशिया आत जाऊन आली. पश्चिमेच्या खिडकीतून ओट्यावर ऊन पसरलं होतं, आणि ओव्हनमध्ये पीच घातलेली गोड पाय-पेस्ट्री भाजत होती.

"चालेल काय, धावेल!"

वर्लीनने गार चहाचे दोन पेले भरले. दाराशी येऊन ती थबकली, केस सारखे केले आणि ओसरीवर पाऊल टाकलं.

"एकेचाळीस वर्षं रोज सासरी येतेय," ती हॉइटवर डाफरली, "आणि मेल्यांनो, एकदाही कुणी बस म्हणालं नाही!"

हॉइटने घाईघाईने तिच्या हातातले पेले घेतले आणि क्लोव्हिसची खुर्ची पुढे ओढली.