शिडीचा सीन

थिएटरच्या मॅनेजरला एक खोड होती. खेळ सुटला की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो एक कोरं कार्ड कोंबायचा. "नाव नको, खरं लिहा!" दाराशी सुतळीला बांधलेलं पेन, शेजारी लाकडी पेटी. तिकिटं फाडणारी पोरगी मग पेटी उपडी करायची, कार्डं वाचायची आणि त्यातली पाच बाहेरच्या फळ्यावर टाचायची.

या पोरीला घरीदारी सगळे तडतडी म्हणायचे. सतरा वर्षांची. शाळा तिने सोडली की शाळेने तिला, यावर अजून दोन मतं होती.

तिसरा आठवडा चालू होता तरी पेटी भरून वाहत होती. सिनेमा तसा साधाच. एका बाईचा नवरा पहिल्या दहा मिनिटांत शिडीवरून पडून मरतो, बाई वर्षभर तोंड शिवून बसते आणि मग शेजारचा बावळट बेकरीवाला तिला परत हसायला लावतो. लोक जाम खूश होते.

"रडायला आलं म्हणून रुमाल काढला, तेवढ्यात हसायला आलं. रुमाल फुकट गेला."

"बेकरीवाला माझ्या नवऱ्यापेक्षा बरा. नवरा शेजारीच उभा आहे, वाचू दे."

"बाईने एवढ्या लवकर हसायला नको होतं. माझ्या वहिनीने सहा वर्षं घेतली."

शेवटच्यावर तडतडी मनातल्या मनात फिस्कारली. हिच्या वहिनीला वर्षं मोजून कोण देत होतं? तिची स्वतःची आई दीड वर्षाने हसायला लागली होती, आणि सोमवारी दुसरं लग्न करणार होती. नोंदणी कचेरीत, चार माणसांत. तडतडीने आधी आदळआपट केली, दोन दिवस जेवली नाही, मग आईला आरशासमोर गुणगुणताना बघून गप्प बसली.

गुरुवारच्या कार्डांत सातवं कार्ड असं होतं:

"सिनेमा चांगला. शिडीचा सीन खोटा. माणूस पडताना ओरडत नाही. आधी शिडी घसरते, मग काहीच ऐकू येत नाही. खाली पडल्यावर तो वर बघतो आणि एवढंच विचारतो, धरली होतीस ना?"

तिने ते दोनदा वाचलं. मग अक्षराकडे बघितलं. 'ख'ची शेपटी खाली ओढून गळासारखी वळवलेली. हे अक्षर ती रोज बघायची. घरच्या बोर्डावर बटणांखाली याच अक्षरात लिहिलं होतं: पंखा. माळ्याचा दिवा. याला हात लावू नये.

ते वायरमनने लिहिलं होतं. आईचा होणारा नवरा. गुरुवारी तो थिएटरातला बाहेरच्या दारावरचा दिवा बदलायला आला होता आणि "आलोच आहे तर बघतो" म्हणून आत बसला होता.

तडतडीचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि हा वायरमन त्या पाट्यांवर दिवे बसवायचा. दोघांत एक शिडी. एक वर, एक खाली धरायला. वडील पडले तेव्हा मात्र हा तिथे नव्हताच. होल्डर आणायला गेलो होतो, परत आलो तर हा जमिनीवर, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. आख्ख्या गल्लीने ते मान्य केलं होतं. मग वडिलांनी काय विचारलं ते याला कसं माहीत?

कार्ड खिशात घालून ती तरातरा घरी गेली. आई मशीनवर बसली होती, लोकांच्या पँटी आखूड करत.

"आई, ऐक."

"आधी तू ऐक. शनिवारी तीनच्या खेळाला आम्ही दोघं येतोय तुझ्या थिएटरला. सगळ्या बायका म्हणतात बघच."

"त्यात शिडी आहे."

"माहितेय गं. घाबरून किती दिवस बसू? आणि त्याला काका म्हणणं सोड आता. काहीही म्हण, पण काका नको. कसंतरीच वाटतं." आणि आई लाजली. चक्क लाजली. तडतडीचा हात खिशातच राहिला.

शुक्रवारभर ते कार्ड तिला चटके देत राहिलं. सांगावं तर आई परत तोंड शिवून बसणार. न सांगावं तर सोमवारी हा माणूस वडिलांच्या खुर्चीत बसणार. शनिवारी दुपारी वायरमन इस्त्रीचा शर्ट घालून पायऱ्या चढताना दिसला आणि तिचं डोकं फिरलं. तिने ते कार्ड फळ्याच्या बरोबर मध्ये टाचलं. चारही कोपऱ्यांत पिना मारल्या. होऊ दे काय व्हायचं ते!

आई फळ्यापाशी थांबलीच. "अगंबाई, हे बघ, रुमाल फुकट गेला म्हणे!" ती मोठ्याने वाचत होती, हसत होती. मग मधल्या कार्डावर आली आणि आवाज बंद झाला. ओठ नुसते हलत राहिले. वायरमन मागे उभा होता. त्याने कार्ड बघितलं, मग तडतडीकडे बघितलं. कपाळावर घाम नव्हता, काही नव्हतं. चेहरा नुसता पांढरा पडत गेला.

"चल," आई म्हणाली. "सुरू होईल."

दोघं आत गेली. दार लागलं. पंधरा मिनिटांनी दार उघडलं आणि वायरमन एकटाच बाहेर आला.

"तू लावलंस?"

"तुम्ही लिहिलंत. नाव नको, खरं लिहा, म्हणून लिहिलंत ना? मग आता खरं बोला. शिडी सोडलीत तुम्ही?"

"सोडली नाही. एका हाताने धरली होती. फोन आला."

"वा! माणूस वर टांगलेला आणि ह्यांना फोन! कोण होतं एवढं मोठं?"

तो हॉलच्या बंद दाराकडे बघत राहिला. तिने परत विचारलं तेव्हा हळूच म्हणाला, "तुझी आई."

तडतडीनेही त्या दाराकडे बघितलं.

"तुझ्या बापाचा फोन खाली पिशवीत होता. तो उचलेना म्हणून तिने मला लावला. जेवायला कधी येताय विचारत होती, बस. म्हणून मी तिथे नव्हतोच असं सांगितलं. दोन वर्षं सांगतोय. तिला कळलं तर ती..." त्याने वाक्य सोडलं. "ते काढ तिथून. आत्ता काढ. मी सांगेन काहीतरी. सिनेमा बघून सुचलं म्हणेन."

ती फळ्याकडे धावली. पण पिना तिनेच मारल्या होत्या, अंगठ्याने दाबून दाबून, पार लाकडात. दोन निघाल्या. तिसरीला नखं लावली तेवढ्यात मागे दाराची करकर झाली.

आई उभी होती. डोळे कोरडे. आत बेकरीवाल्याने काहीतरी माती खाल्ली असावी, कारण तिच्या मागून सगळं थिएटर हसत होतं.

"काढू नकोस," ती तडतडीला म्हणाली. मग वायरमनकडे वळली. आवाज अगदी शांत.

"त्या दिवशी मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, कामात आहे, नंतर बोलतो. मध्येच धाडकन काहीतरी पडलं. मी विचारलं, काय रे पडलं? तू म्हणालास, काही नाही वहिनी, दुकानात आलोय, रंगाचा डबा पडला."

दार अजून उघडंच होतं. आत लोक शिट्ट्या मारत होते.

"काय पडलं होतं?" आईने विचारलं. वायरमन खाली बघत होता. आई मात्र त्याच्याकडे बघतही नव्हती. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, ज्यात ती फोन धरायची.