चाबूकमहाराजाची पुरचुंडी

ढाणकीच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा चाबकाला गर्दी जास्त होती. चाबूकमहाराज बारा वर्षांच्या पायलच्या पाठीवर फटके ओढत होता आणि तिचे दोन्ही हात तिच्याच बापाने, श्रावणने, घट्ट धरले होते. पोरीचा गुन्हा एवढाच, की महिनाभर तिचं कपाळ ठणकत होतं आणि ती नाकात बोलत होती. नाकात बोलतं ते भूत, हे आमच्या गावाला शाळेत न जाताही पाठ आहे.

"बोल, कोन हायेस तू?" महाराज गरजला.

"मी पायल." नाक चोंदलेलं, आवाज गेंगाणाच निघाला.

"पाहा, खोटं बोलून राह्यली हडळ."

सातव्या फटक्याला फ्रॉकवर रक्त उमटलं. मग महाराजाने निखाऱ्यावर शेकलेली लाल पुरचुंडी तिच्या नाकाशी धरली. थोड्या वेळाने पोरगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "सोडा ना बाबा." लोकांनी हात जोडले.

"अर्धं भूत गेलं. अजून चौदा फटके," महाराजाने जाहीर केलं.

मी इथला शाळामास्तर. अडवायला घुसलो, तर महाराजाचा चेला मारोती याने मला चिखलात लोळवलं, चष्मा फोडला. पाच वर्षं मी त्याला विज्ञान शिकवलं होतं.

पुढचं काम मसाला विकणाऱ्या रुपीबाईने केलं. वास ओळखून ती आली आणि तिने पुरचुंडी हिसकावली. चाबूक मनगटावर बसला, कातडी सोलली, तरी तिने दातांनी गाठ सोडली. खाली ओवा सांडला.

"सकाळीच माह्या दुकानातून नेला यानं," ती म्हणाली. "सर्दी झाली का माही माय हाच शेकून हुंगवे. मारत नोती."

तिने मूठभर ओवा पदरात बांधला, त्याच निखाऱ्यावर शेकला आणि सर्दीने सूंसूं करणाऱ्या मारोतीच्या नाकाशी धरला. त्याने दोनदा खोल श्वास घेतला.

"सुटलं ना नाक? आता तुले किती फटके मारू?"

मारोती महाराजापासून दोन पावलं दूर सरकला. श्रावण महाराजाच्या हातातला चाबूक हिसकावून त्याच्यावरच धावला. मी आणि रुपीबाईने त्याला आवरलं, पोलिसांना बोलावलं.

तेव्हा पायलने विचारलं, "बाबा, मंग मले काहून धरलं?"

श्रावणने चाबूक खाली टाकला. बाकीचं मी तुम्हाला सांगतो. ओव्याच्या वासाने नाक घटकाभर मोकळं वाटतं, त्यात ना मंत्र ना चाबूक. महिनाभर कपाळ ठणकत असेल तर दवाखाना गाठा. तुमच्या पोरीचा हात धराल तो तिला तिथे नेण्यासाठी धरा.