पुरता अंधार

रेश्मानं दांड्याची तार तोडली, आणि जाफरनं झटका बसल्यासारखा हात मागं घेतला. करंट तर केव्हाच बंद केलेला होता.

प्रोजेक्टरच्या खोलीतला तो लोखंडी दांडा त्यानं एकतीस वर्षं ओढला होता. खेळ सुरू होताना हॉलमधले दिवे हळूहळू उतरवायचे, हे त्याचं काम. साताऱ्यातले लोक म्हणायचे, जाफरभाईसारखा अंधार कुणाला करता येत नाही. जाफरला हे खरंच वाटायचं. आणि ज्याला आपलं कौतुक खरं वाटतं, त्याची बाकीची हुशारी जरा बेतानंच धरावी. उद्यापासून दिवे आपोआप उतरणार होते. मालक लालासाहेबांनी त्याला कामावरून काढलं नव्हतं. उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत न्यायचं काम देतो, म्हणाले होते. एकोणसाठाव्या वर्षी दुसरं काम देणारं गावात कुणी नव्हतं.

"चाचा, आता तुमच्या डोळ्यांचं काम," नवे दिवे बसवायला सांगलीहून आलेली रेश्मा मांडीवर टॅब घेत म्हणाली. "नवे दिवे कुठल्या आकड्याला पुरते विझतात, ते बघूनच ठरवावं लागतं. अंधार झाला की सांगा."

"एवढं तुझ्या मशिनला कळत न्हाई व्हय?"

"मशिनला आकडा कळतो."

"मंग चार दिस माझ्या हाताखाली ठेव त्याला."

जाफर भिंतीतल्या चौकोनी काचेशी वाकला. खाली मालक एकटेच मधल्या रांगेत बसले होते. रेश्माचं बोट टॅबवर सरकू लागलं. शंभर. ऐंशी. साठ.

"सावकाश गं. लोकांचं बूड टेकू दे."

पन्नास. चाळीस.

"बास. झाला अंधार."

रेश्मानं शेजारच्या काचेतून पाहिलं. लालासाहेब शेंगा सोलत होते. गुडघ्यावर पडलेली टरफलंसुद्धा दिसत होती.

"पुरता?"

"एकतीस वर्षांत चुकलोय व्हय?"

खालून मालकांचा आवाज आला, "आरं, थांबलाय कशाला? पेपर वाचता येतोय हितं!"

जाफर काचेपासून हलला नाही. कपाळ तेवढं काचेला टेकलं. दांडा तळाला आदळला की अंधार झाला, हे हाताला ठाऊक होतं. डोळ्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

रेश्मानं बोट पुढं नेलं. तीस. दहा. शून्य.

"हां! आत्ता कसं!" खालून मालक म्हणाले.

काचेत जाफरला काहीच बदललेलं दिसलं नाही.

"चाचा," ती हलकेच म्हणाली, "घरी माहीत आहे?"

"मलाच आत्ता कळालं. वरीसभर लाइटवाल्यांना शिव्या घालतोय, व्होल्टेज न्हाई म्हणून. बायको आपली गप बसायची."

"जाफर!" मालकांनी हाक मारली. "तसाच खाली ये. अंधारात मला हुडकून दाखव. उद्या लोकं बसवायचीत तुला."

रेश्मानं त्याच्याकडं पाहिलं, मग टॅबकडं. आकडा शंभरावर ढकलला.

"कुणी लावलं गं दिवं?"

"बिघाड आहे साहेब! दोन मिनिटं!" ती ओरडली, आणि जाफरला म्हणाली, "उतरा चाचा, पटकन."

दारातून जिना थेट हॉलमध्ये उतरत होता. सगळं लख्ख झालं होतं. पायऱ्या, रांगा, मालकांची पांढरी टोपी. जाफर चौकटीत थांबला.

"विझव पोरी," तो म्हणाला. "उद्या तू सांगलीत असशील."

तिनं विझवले. त्यानं भिंतीला तळहात लावला आणि पाय हवेत पुढं सोडला.