उरलेली बेलपानं

मित्रांनो, ज्याच्याकडे तुम्ही तीन तास टक लावून बसता आणि तरी ज्याला कधी पाहत नाही, तो सिनेमाचा पडदा मी. देगलूरच्या एका टॉकीजमध्ये माझी हयात गेली.

पांढऱ्या पट्ट्या जोडून मला मुंबईच्या कारखान्यात घडवलं आणि अंगभर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडली. मागच्या कर्ण्यांचा आवाज त्यांतून तुमच्यापर्यंत यायचा. मालक महादेवप्पा रोज पूजा उरकून येत, माझ्या चौकटीला भस्माची तीन बोटं ओढत, मऊ फडक्यानं धूळ टिपत. मगच पहिला खेळ.

एकवीस वर्षांपूर्वी एका नव्या दिग्दर्शकाचा रहस्यपट लागला. शेवटी खुनी कळला तेव्हा सगळं थिएटर उठून उभं राहिलं. खुनी कोण हे बाहेर फुटू नये म्हणून महादेवप्पा दाराशी बेलपानांचं ताट घेऊन उभे राहिले. प्रत्येकानं पान उचलायचं, "शेवट सांगणार न्हाई" म्हणायचं, मग घरी जायचं. मराठी, तेलुगू, कानडी, कुणीही असो, शपथ सगळ्यांनी पाळली. बांगड्या विकणाऱ्या साखराबाईंचा नवरा तर रुसून दोन दिवस जेवला नाही. तरी बाई बोलल्या नाहीत. सिनेमा अकरा आठवडे चालला.

मग लोक घरीच बघू लागले. माझ्यावर डाग पडले, खुर्च्या फाटल्या. यंदा मुलगा मल्लिनाथ म्हणाला, "अप्पा, आता इथं सोयाबीनचं गोदाम करू."

नेमका त्याच दिग्दर्शकाचा नवा रहस्यपट येणार होता. महादेवप्पांनी हात जोडले. "एवढा एक लावू दे. आठवडाभर लोक आले तर टॉकीज ठेव. न्हाईतर तुझं गोदाम."

"आधी बघून तर घ्या," मल्लिनाथ म्हणाला.

"मीच आधी बघितला तर विश्वासाला काय अर्थ राहिला? ह्यो माणूस फसवणार न्हाई."

हीच त्यांची चूक. न पाहताच ते बाजारात ज्याला त्याला बेल उचलून "असा शेवट बघितला नसेल" असं सांगत फिरले. त्यांच्या पत्नी शिवकांताबाईंनी सिनेमा चालावा म्हणून सोमवारपासून उपास धरला.

शुक्रवारी दुपारी तीनच्या खेळाला कितीतरी वर्षांनी थिएटर भरलं. मित्रांनो, मला मध्यंतराआधीच ओळखीच्या खुणा दिसू लागल्या. शेवट मी सांगणार नाही, मीही त्या शपथेत आहे. एवढंच सांगतो, जुन्या सिनेमात खुनी माझ्या ज्या डाव्या कोपऱ्यात उभा होता, तिथंच नव्यातलाही येऊन उभा राहिला. तोच जिना, तोच आरसा.

"जुन्यालाच नवं धोतर नेसवलंय की हो!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. रहस्यपटात हसले! मी माझं अंग कुठं लपवू?

दाराशी महादेवप्पा ताट घेऊन उभे होते. माणसं बाजूनं निघून गेली. साखराबाई तेवढ्या थांबल्या.

"बाई, तुम्ही तरी घ्या," महादेवप्पा म्हणाले.

"अप्पा, तवा मी नवऱ्याला बी सांगितलं न्हाई. पण आज खोटी शपथ घेववत न्हाई मला. बाहेर सून बसली हाय. तिनं इचारलं तर सांगून टाकीन. लपवावं असं हायच काय ह्यात?"

त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि त्या गेल्या.

रिकाम्या थिएटरात महादेवप्पा पहिल्या रांगेत बसले. एक पान उचलून त्यांनी कपाळाला लावलं.

"काय हो झालं शेवटी?" घरून आलेल्या शिवकांताबाईंनी विचारलं.

"शपथ हाय," ते म्हणाले.

शनिवारच्या खेळाला सात जण आले. रविवारी कुणीच नाही.

आज मी चौकटीवरून उतरवलेला, सोयाबीनच्या पोत्यांवर पसरलेला आहे. त्या कामाचाही मी नाही. माझ्या छिद्रांतून धूळ खाली जाते आणि मल्लिनाथ कुरकुरतो. महादेवप्पा आता इकडे येत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गोष्टी सांगाल. तेव्हा तुमच्या गोष्टीवर विश्वास ठेवून कुणीतरी दाराशी ताट घेऊन शपथ वाहत उभं असेल. त्याला एकट्याला पान उचलायला लावू नका.