एकच बहार

सौंसरजवळच्या बोरगावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी महाराजांनी सांगून टाकलं, की घरटी चार लेकरं झाली नाहीत तर धर्म बुडालाच समजा. मग पाच लेकरांची माय म्हणून त्यांनी अंबाबाईला मंचावर बोलावलं, शाल पांघरली आणि माइक हातात दिला. समोर तिची सून प्रणाली मान खाली घालून बसली होती. ती एका मुलीवर थांबली म्हणून बायका सकाळपासून तिला टोचून खात होत्या.

"सुनेला दोन शब्द सांगा," महाराज म्हणाले.

अंबाबाईनं सुनेकडं पाहिलंच नाही. तिनं पहिल्या रांगेतल्या नवऱ्याकडं पाहिलं. रघुनाथरावांची संत्र्याची बाग पंचक्रोशीत नावाजलेली होती.

"महाराज, आमच्या बागेत पावसाळ्याचा मृग नाहीतर हिवाळ्याचा आंबिया, सालातून एकच बहार घेतो. दोन्ही घेतले का झाड वाळते. भाव केवढाही चढो, यायनं झाडाचा आराम कधी मोडला नाही. मी सात वर्षांत पाच बायतपनं काढली. पाचव्याले मरता मरता वाचली. तवा मले आराम द्याचं कोनाले सुचलं नाही."

महाराजांनी माइकसाठी हात पुढं केला. तिनं माइक सोडला नाही.

"माही सून काही झाड नाही, तिले तोंड हाये. किती लेकरं, ते तीच सांगन."

मग ती खाली उतरली आणि अंगावरची शाल तिनं रघुनाथरावांच्या खांद्यावर टाकली.

"पाच पायजे, हे यायनंच ठरवलं होतं. सत्कार यायचाच करा."