चौथ्या ‘थॉर्नबॅक’ची घंटा

मी एक जुनी जहाजाची घंटा आहे, मित्रांनो. सध्या चॅटहॅमच्या गोदीत एका कोपऱ्यात उपडी पडून आहे. कडेला तडा गेलाय, पोटात लोलक नाही. पुढच्या आठवड्यात मला भट्टीत घालणार आहेत, म्हणून सांगायचं ते आत्ताच सांगून टाकते.

मी काशाची. पहिल्या ‘थॉर्नबॅक’साठी मला ओतलं. थॉर्नबॅक म्हणजे पाठीवर काटे असलेला एक मासा. ती लढाऊ नौका ओकच्या लाकडाची होती, शिडांवर चालायची. एका वादळात ती कॉर्नवॉलच्या खडकांवर फुटली. बुडी मारणाऱ्यांनी तिच्या तोफा वर काढल्या, त्यांच्यासोबत मलाही काढलं. दुसरी थॉर्नबॅक वाफेची. तिचा बॉयलर फुटला, तेव्हा मी नेमकी डागडुजीसाठी किनाऱ्यावर होते. तिसरी महायुद्धात सुरुंगावर गेली. लढाईला निघताना तिच्या कप्तानाने मला गोदामात ठेवायला दिलं होतं.

आरमाराची रीतच अशी, की जहाज बुडालं तरी नाव बुडू द्यायचं नाही. नवं जहाज बांधायचं, त्यावर जुनं नाव रंगवायचं, जुन्या लढाया एका पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहायच्या आणि मला पुन्हा टांगायचं. पाटीवर लढाया तेवढ्या जमेला येतात. बुडालेली माणसं कुणी खर्ची टाकत नाही. तो हिशेब खलाशी मनातल्या मनात मांडतात, आणि त्यांचं उत्तर दरवेळी एकच येतं: थॉर्नबॅक जाते, घंटा राहते.

चौथ्या थॉर्नबॅकवर मला जेथ्रो पेनहॅलोच्या ताब्यात दिलं. तो जहाजाचा बोसन, म्हणजे दोरखंडांपासून नांगरापर्यंत सगळ्या सामानाचा आणि डेकवरच्या माणसांचा मुकादम. मला रोज सकाळी तो स्वतः घासायचा. दुसऱ्या कुणी फडकं लावलं तर त्याला खपत नसे. तसं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

त्याला मुलगी झाली, तेव्हा तिचं बारसं जहाजावरच झालं. मला उलटी करून माझ्यात पाणी भरायचं, पाद्रीबाबांनी तेच बाळाच्या कपाळाला लावायचं आणि मग बाळाचं नाव माझ्या आतल्या बाजूला कोरायचं, हा आरमारी माणसांचा जुना रिवाज. जेथ्रोची बायको ऑलिव्ह आत डोकावली आणि तिचा चेहरा उतरला.

“जेथ्रो, यातली निम्मी नावं बापाविना वाढलेल्या पोरांची आहेत.”

“पोरं वाढली ना? मग झालं तर!”

“हसू नकोस. सांभाळून राहा एवढंच म्हणते.”

“अगं, सांभाळायलाच तर हिला टांगलीय.”

मुलीचं नाव वेना. ते कोरलं गेलं आणि ऑलिव्ह बाळाला घेऊन घरी गेली.

त्या हिवाळ्यात उत्तर समुद्र फार खवळला. जहाज कलंडलं की माझा लोलक आपोआप आपटायचा. आपोआप वाजलेली घंटा मरण बोलावते अशी खलाशांची समजूत. एकदा मी अशी वाजले आणि दुसऱ्या दिवशी बॉयलरवरचा एक भट्टीवाला वाफेने भाजून गेला. महिन्याभराने पुन्हा वाजले, तर एकाला लाटेनं ओढून नेलं. मधल्या काळात मी कितीतरी वेळा वाजले आणि कुणाला साधा खोकलाही झाला नाही. पण तसले दिवस कोण मोजतो?

सगळ्यांत घाबरट होता स्वयंपाकी डगल मफेट. आवाज मात्र त्याचाच सगळ्यांत मोठा.

“बोसन, तुमची ही म्हातारी बोलायला लागली, की कुणाचं तरी बोलणं कायमचं बंद होतं.”

“तुझं झालं तर बरंच होईल. निदान शांतपणे जेवता येईल.”

“जेवाल हो! पण उद्या नंबर कुणाचा, ते सांगा. तुमच्या पोरीचं नाव आहे तिच्या पोटात, माझ्या नाही.”

हे मात्र जेथ्रोला लागलं. त्या दिवशी त्याने मला घासलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

वसंतात जहाजाला चॅटहॅमहून हारिचला जायचं होतं. जवळचाच पल्ला. निघण्याआधी जेथ्रोने माझा लोलक काढला, गोणपाटात गुंडाळला आणि रंगाच्या खोलीत ठेवला. कप्तानाने विचारलं तेव्हा म्हणाला, “हुक झिजलाय, साहेब. हारिचला नवा बसवतो.”

कप्तानाने वर आकाशाकडे पाहिलं. लख्ख ऊन होतं. “ठीक आहे. पोचल्यावर लगेच,” तो म्हणाला.

त्या दिवशी डेकवर सगळे हलक्या पायांनी वावरत होते. कुणीतरी शीळसुद्धा घातली. मी मुकी लटकत होते आणि माझ्या मुकेपणाचा सगळ्यांना आनंद झाला होता.

टेम्सच्या मुखाशी धुकं आलं. आधी किनारा पुसला गेला, मग पाणी, मग आमचीच मागची डोलकाठी. कप्तानाने नांगर टाकायला सांगितला. धुक्यात चालणारं जहाज भोंगा वाजवतं. नांगरलेल्याने घंटाच वाजवायची, मिनिटामिनिटाला, म्हणजे येणाऱ्याला कळतं की इथे कुणीतरी थांबलेलं आहे.

जेथ्रो रंगाच्या खोलीकडे धावला. गोणपाट तिथेच होतं, आत काही नव्हतं.

“लोलक कुठाय? कुणी घेतला?”

मफेट भटारखान्याच्या दारात उभा होता, पांढराफटक. “मी... समुद्रात टाकला, बोसन. म्हटलं, कायमची पीडा जाईल.”

जेथ्रोने त्याला बाजूला ढकललं. हातोडा उचलला आणि नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, माझ्यापाशी आला. दूरवर एका मालवाहू जहाजाचा भोंगा ऐकू येत होता. पहिला घाव खणखणीत लागला. दुसराही. तिसऱ्याला लोखंडाने माझी कड फोडली, आणि त्यानंतर माझ्यातून फुटक्या मडक्यासारखा आवाज निघू लागला. तो धुक्यात चार हातही गेला नसेल.

भोंगा जवळ येत होता. कप्तान ओरडला, “पेनहॅलो, मागे ये! सगळे मागे!” सगळे मागे धावले.

जेथ्रो हटला नाही. तो वाजवत राहिला. घावामागून घाव घालत माझ्याशी बोलत होता, “बोल गं, बोल आता...” धुक्यातून एक काळी भिंत वर आली आणि आमच्या नाळेवर चढली.

चौथी थॉर्नबॅक बुडाली नाही. मोडलेलं नाक घेऊन ओढत ओढत गोदीत आली. एक माणूस सोडून सगळे वाचले.

चौकशी झाली त्या दिवशी ऑलिव्ह बाळाला कडेवर घेऊन इथे आली होती. मफेट टोपी हातात घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

“काय हवं होतं तुम्हाला?” तिने विचारलं.

“ती गप्प बसायला हवी होती, बाई. एवढंच.”

“बसली ना?” ऑलिव्ह म्हणाली आणि निघून गेली.

मित्रांनो, चौथी मोडीत काढली, आता पाचवी थॉर्नबॅक बांधायला घेतली आहे. मला वितळवून माझ्याच धातूची घंटा तिच्यावर टांगतील. आतली नावं भट्टीत जातील. पाटीवर सोनेरी अक्षरं वाढतील. काल दोन नवे खलाशी मला बघायला आले. एकाने हात लावला, दुसऱ्याने तो झटकन मागे ओढला. दोघं माझ्याकडे बघत हळू आवाजात काही बोलले.

मला घासलं नाही तरी चालेल. काळी पडू द्या, हिरवी पडू द्या. पण जिचं काम ओरडण्याचं आहे, तिचा आवाज आवडत नाही म्हणून तिची जीभ काढू नका. त्या नव्या खलाशांना हे कुणीतरी सांगा. मी सांगायला गेले, तर ते कानांवर हात ठेवतील.